रेमंडचं कौतुक

रेमंड त्रुदेलचं कौतुक ऐकून ऐकून केल्विनचे कान किटले होते. कोल्डब्रुकच्या आइस हॉकीच्या रिंकवर कॉफीच्या खिडकीपाशी उभं राहिलं की म्हाताऱ्यांचं तेच दळण. "पोराचा हात आधी पोचतो, मग चकती येते!" परवा तर हरलेल्या संघाचा कॅप्टनसुद्धा म्हणाला, "त्याच्यावर गोल मारायचा म्हणजे भिंतीवर डोकं आपटायचं." आणि केल्विन? तोही गोलकीपरच. पण दुसरा, राखीव. तीन हिवाळे बाकाच्या टोकाला बसून खेळाडूंसाठी बर्फावर जायचं दार उघडायचं आणि लावायचं, एवढंच त्याचं काम.

आज मोठ्या संघाचा माणूस प्रेक्षकांत बसला होता. त्याला एक गोलकीपर हवा होता, एकच. केल्विनचं ज्युनिअर संघात खेळायचं वय या हंगामात संपत होतं. आज जमलं नाही तर उद्यापासून बापाबरोबर धान्याच्या कोठारावर, जन्मभर.

तीनपैकी दोन डाव झाले आणि रेमंडनं एकही गोल होऊ दिला नव्हता. अशा वेळी ड्रेसिंग रूममध्ये गोलकीपरशी कुणी बोलत नाही. शून्य हा शब्द तर तोंडातून काढायचाच नाही, अभद्र! रेमंड हे इतकं मानायचा की गुणफलकाकडे बघतसुद्धा नसे. डोक्यावर टॉवेल घेऊन तो कोपऱ्यात बसला होता.

केल्विन उठला आणि त्याच्यासमोर जाऊन बसला.

"रेमंड, लेका, काय खेळतोयस! एकही गोल नाही. शून्य! असा गोलकीपर या गावानं पाहिला नाही. तो माणूस तोंडात बोट घालून बसलाय वर. आता फक्त एक डाव. एवढं शून्य राखलंस की झालं!"

एकूण एक शब्द खरा. म्हणून तर नीचपणा.

कॅप्टन डार्सी ह्लुश्कोचा बुटाच्या नाडीवरचा हात थांबला. "थोबाड बंद कर, केल्विन."

"का? मित्राचं कौतुक करायचं नाही?"

रेमंडनं टॉवेल काढला. चेहरा पांढराफटक पडला होता. "का रे?" एवढंच तो म्हणाला. केल्विनला क्षणभर लाज वाटली, पण त्याहून जास्त बरं वाटलं.

तिसऱ्या डावात लांबून आलेला एक मरतुकडा फटका रेमंडच्या पायांमधून गेला. पाठोपाठ दुसरा. मग त्यानं गुणफलकाकडे पाहिलं, आणि कोच ओरडले, "केल्विन, जा!" दार रेमंडनं उघडून धरलं.

नव्या गोलकीपरच्या पायांच्या पॅडवर सगळ्यांनी येऊन काठी टेकवायची, ही रीत. सगळे आले. पहिला डार्सी.

"काय गोलकीपर आहेस रे! असा या गावानं पाहिला नाही."

दुसरा म्हणाला, "तुझा हात आधी पोचतो, मग चकती!"

"शून्य राखशील बघ," तिसरा म्हणाला. "शून्य!"

खेळ सुरू झाला, समोरचा खेळाडू सुसाट आला आणि डार्सी पाहुण्याला वाट द्यावी तसा बाजूला झाला. केल्विननं फटका अडवला. चकती पुढ्यातच पडली. आपल्यापैकी कुणी हलेना.

"डार्सी! काढ ना ती!"

"तू आहेस की," डार्सी म्हणाला. "तुला कोण लागतं?"

गोल झाला. मग आणखी झाले. दर गोलनंतर सगळे हसत यायचे, काठी टेकवायचे, पुन्हा तेच कौतुक. केल्विन रडत होता, पण मुखवट्याआड कोण बघणार?

शेवटची शिट्टी झाली तेव्हा मोठ्या संघाचा माणूस बाकामागे येऊन रेमंडचा हात हातात घेऊन उभा होता. "ते दोन गोल सोड रे," तो म्हणत होता. "त्याआधीचं पाहिलंय मी. सोमवारी ये."

केल्विन बाकाकडे आला. दार पुन्हा रेमंडनंच उघडलं.

"चांगला खेळलास, केल्विन," तो म्हणाला. "एकट्यानं एवढं कुणी अडवलं नसतं."

टोमणा नव्हता. त्या दिवशी केल्विनचं मनापासून कौतुक त्या एकट्यानंच केलं, आणि तेच त्याला सोसवेना.