लाफाएलेचा उभा लोड

मी एक उभा लोड बोलतोय. दचकू नका. तुमच्या बैठकीत असतो तो आडवा लोड. पाहुणे त्याला टेकतात, गप्पा मारतात, तो बिचारा ऐकून घेतो. मी उभा. उंची माणसाच्या छातीइतकी, जाडी दोघांच्या मिठीत जेमतेम मावेल एवढी, वर निळं रेक्झिन. मला कुणी टेकत नसे. लांबून धावत येऊन मला पाडत. मी जन्मलोच त्यासाठी. खोटं वाटेल, पण पुढे सांगतो त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. लोडाला खोटं बोलून काय मिळायचंय?

माझा जन्म जेद्दातला, शराफियाच्या एका गल्लीत, हुसेनमियाँच्या गादी-सोफ्याच्या दुकानात. हुसेनमियाँ राजापूरच्या खाडीकाठचे. जवानी त्यांनी सौदी बैठकींच्या उशा शिवण्यात घालवली. तेव्हा निताकतचे दिवस होते. दुकानात अमुक इतके सौदी कामाला ठेवा, नाहीतर बाकीच्यांचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, नवा होणार नाही, असा कायदा आला होता. गल्लीतली माणसं रोज घरी निघालेली. विमानात सामान किती न्यायचं यावर बंधन, म्हणून जुने कपडे मागे राहत आणि गाठोडी बांधून हुसेनमियाँकडे येत. “चाचा, लोडात भरा.”

हुसेनमियाँचा एक नेम होता. अंगावरून उतरलेला कपडा धुतल्याशिवाय भरायचा नाही. “न धुता भरला तर माणूस आतच राहतो,” असं म्हणायचे. कारागीर हसत. मीही हसलो असतो, पण तेव्हा मी अर्धाच भरलेला होतो.

मला घडवून घेणारं गिऱ्हाईक दुकानाच्या दारातून तिरकं होऊन आत आलं, तरी चौकट घासलीच. त्याच्याबरोबर हुसेनमियाँचा मेहुणा इब्राहीम होता. तो गोऱ्या लोकांच्या एका कंपाउंडमध्ये, म्हणजे भिंतीआडच्या वसाहतीत, बस चालवायचा.

“या अल्ला! इब्राहीम, हा माणूस आणलायस की दुकानाला नवं शटर?”

“दुल्हेभाई, हा लाफाएले. आमच्या जिमचा ट्रेनर. सामोआ बेटावरचा. रग्बी लीग खेळायचा, पगारी खेळाडू.”

“मग लोड कशाला? झोपायला?”

“पाडायला.”

“रेक्झिनला पाडून काय मिळतं?”

लाफाएलेला भाषा कळली नाही, पण प्रश्न कळला. त्याने हुसेनमियाँना अलगद उचललं, वीतभर बाजूला ठेवलं आणि हसला. हुसेनमियाँनी जमिनीवर टेकल्या टेकल्या माप घ्यायला सुरुवात केली.

मी पुरा होण्याआधीच कफीलचा, म्हणजे ज्याच्या नावावर दुकान होतं त्या सौदी मालकाचा, निरोप आला, दुकान खलास. शेवटच्या दुपारी हुसेनमियाँ एकटेच मला भरत होते. पंखा बंद, वीज तोडलेली. घामाने भिजलेला निळ्या चौकडीचा सदरा त्यांनी काढला आणि धुतलेल्या गाठोड्यांवर टाकला. तेवढ्यात बाहेर ओरडा झाला, “तपासणी! तपासणी!” आयुष्यात पहिल्यांदा हुसेनमियाँनी न बघता हात चालवला. हाताला लागेल ते आत कोंबलं आणि शिवण घातली. मग सदरा शोधत बसले. सापडला नाही. शेवटी इब्राहीमचा सदरा अंगात चढवून गावी जायच्या विमानात बसले.

सदरा कुठे होता ते मला ठाऊक होतं. माझ्या बरोबर छातीत. तो श्वास घ्यायचा.

लाफाएले रोज असरच्या नमाजानंतर, ऊन कलल्यावर, मला कंपाउंडमागच्या वाळूत उभा करी. दहा-बारा पावलं मागे जाई, आणि मग ते पावलांचं वाढत येणारं धडधड! खांदा बरगडीत, हात मागून आवळलेले, आम्ही दोघे वाळूत. दमला की माझ्यावर डोकं टेकून तो बोलायचा. असली माणसं लोडाशीच मन मोकळं करतात.

लहानपणी तो गावच्या चर्चमागे अनवाणी खेळला. अठराव्या वर्षी सिडनीला गेला, पुढे इंग्लंडच्या चिखलात. जागा फॉरवर्डची. म्हणजे खेळ सुरू होताच चेंडू छातीशी धरून समोरच्या माणसांच्या भिंतीत घुसायचं, आणि त्यांची पाळी आली की आपण भिंत व्हायचं. गुण मागचे पळणारे करतात, फोटो त्यांचेच छापतात. “ज्यांना पाडलं त्यांचे चेहरे आठवत नाहीत,” तो सांगायचा. “फक्त श्वास सुटल्याचा आवाज आठवतो.” शेवटच्या सामन्यात तो स्वतःच बेशुद्ध पडला. स्ट्रेचरवरून नेला. घरच्यांनी ते टीव्हीवर पाहिलं. ते त्याला सलत होतं. एकदाच, फक्त एकदा त्याला मैदानातून स्वतःच्या पायांनी चालत बाहेर यायचं होतं.

आता जिमची नोकरीही सौदी माणसाला द्यायची ठरली होती. त्याच सुमारास इंग्लंडमधल्या एका लहानशा क्लबचा निरोप आला, एका मोसमासाठी घेऊ, पण धडक कशी आहे त्याचा व्हिडिओ पाठव. या जुम्म्यापर्यंत.

लाफाएले पेटला. मला दिवसाला किती वेळा पाडलं, त्याची मोजदाद मी ठेवली नाही. मी पडत होतो ना!

आणि मग हफीजाचा फोन आला. हफीजा म्हणजे हुसेनमियाँची बायको, इब्राहीमची थोरली बहीण. इब्राहीम माझ्या शेजारीच सावलीत बसला होता. आमच्याकडे ऊन कललेलं, आपाकडे राजापुरात दिवस मावळलेला.

“इब्राहीम, तुझ्या दुल्हेभाईंना काय झालंय रे? मगरीबच्या सुमारास पडतात. उभ्याचे आडवे. कुणी अंगावर धावून आल्यासारखे. अंगणात तर चिटपाखरू नसतं. आज डॉक्टर विचारत होते, कुठल्या गाडीनं उडवलं? दोन बरगड्यांना तडा आहे.”

मग हुसेनमियाँ फोनवर आले. आवाज बारीक, पण खोड तीच. “इब्राहीम, माझा निळा चौकडीचा सदरा तुझ्याकडे राहिला काय?”

“नाय दुल्हेभाई. तुम्ही तर माझाच घालून गेलात.”

इब्राहीमने हळूच मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार? उभा राहिलो. मला तेवढंच येतं. त्याने एक बोट पुढे केलं आणि माझ्या पोटात रुतवलं.

“आई गं!” फोनमधून आवाज आला. “पोटात बोट कोण घालतंय?”

इब्राहीमच्या हातून फोन वाळूत पडला.

लाफाएलेला त्याने कसंबसं सांगितलं. ऐकता ऐकता तो डोंगर खचला. माझ्याजवळ आला, कान लावला. आत एक म्हातारा कण्हत होता. लाफाएले खोलीत गेला आणि आईने दिलेली बारीक विणीची चटई घेऊन आला. त्यांच्या बेटावर चाल आहे: हातून कुणाला इजा झाली तर त्याच्या दारासमोर चटई डोक्यावरून पांघरून बसायचं. ज्याला इजा झाली तो चटई उचलेपर्यंत उठायचं नाही. तो माझ्यासमोर तसा बसला. वाळूत नुसता एक चटईचा ढिगारा, आणि तो ढिगारा हुंदके देत होता. कंपाउंडमधली पोरं लांबून बघत होती, जवळ एकही येईना.

इब्राहीमने फोन त्या ढिगाऱ्याशी धरला. “दुल्हेभाई, हा तुमची माफी मागतोय. उठतच नाही.”

“त्याला म्हणावं, ऊठ. बरगड्या जुन्याच होत्या, कधी ना कधी मोडणार होत्या. चटई उचल त्याच्यावरची, माझ्या वतीनं. आणि माझी शिवण उसव. कात्री लावू नकोस हां, मला लागेल.”

इब्राहीमने चटई उचलली. मग माझी शिवण टाका-टाका करत उसवली, कोपरापर्यंत हात आत घातला. तिकडे हुसेनमियाँ हसत सुटले. “अरे, गुदगुल्या! गुदगुल्या होतायत!” मग एक लांब उसासा, आणि शांत. सदरा बाहेर आला. इतके दिवस झाले होते, तरी तो ऊन होता, घामाने ओला होता.

त्यांची सुटका झाली. माझ्या छातीत मात्र पोकळी राहिली. धक्का मारला की मी मधेच वाकू लागलो. त्यात आज जुम्मा, उजेड थोडाच उरलेला. लाफाएले पुन्हा खोलीत गेला आणि ट्रंकेतून एक जर्सी घेऊन आला. दहा नंबरची. पुढून उभी फाडलेली, स्ट्रेचरवर डॉक्टरांनी फाडली तशीच. इंग्लंडचा चिखल तिच्यावर वाळून पापुद्रे झाला होता, आणि गळ्याशी रक्त काळं पडलं होतं.

“अरे, धुवून तरी घे!” इब्राहीम ओरडला.

“वेळ नाही. आणि ही माझीच आहे. दुसऱ्या कुणाला लागणार नाही.”

“पण तुला?”

“मला मी कधी लागलोय?” असं म्हणून तो हसला. पोकळी भरली, शिवण घातली.

इब्राहीमने फोनचा कॅमेरा धरला. लाफाएले मागे गेला. मी वाळूतून त्याची पावलं ऐकली. माझ्या छातीत आता दुसरंच काळीज धडधडत होतं, अगदी त्याच पावलांच्या तालावर. तो आला. खांदा बरगडीत बसला.

मी हललो नाही. तो उडाला.

पाठीवर पडला, तोंड उघडं, आणि त्याच्या छातीतून तो आवाज निघाला. श्वास सुटल्याचा. सिडनीपासून इंग्लंडपर्यंत त्याने जो शेकडो वेळा ऐकला होता तो. बराच वेळ तो आभाळाकडे बघत राहिला.

“थांब, गाडी आणतो!” इब्राहीम धावला.

“नको.” लाफाएलेने वाळूत हात रोवला, मग गुडघा, मग दुसरा पाय. उभा राहिला. माझ्याकडे बघून, खरं तर माझ्या आत बघून, त्याने विचारलं, “मी असा लागतो? सगळ्यांना असाच लागलो?” मग तो वळला आणि वाळूत पायाने ओढलेली मैदानाची रेघ चालत ओलांडून बाहेर गेला. हळू, पण स्वतःच्या पायांनी.

“व्हिडिओ पाठवू?” इब्राहीमने मागून विचारलं.

“पुसून टाक.”

जाण्याच्या दिवशी इब्राहीम सुई-दोरा घेऊन आला होता. “काढू जर्सी?” लाफाएलेने माझ्या शिवणीवरून अंगठा फिरवला. “नको. इथे कुणी माझी आठवण काढली तर मला कळेल.”

तो आता बेटावर पोरांना शिकवतो म्हणे. धडकायला नाही, पडायला. नव्या सौदी ट्रेनरला माझा उपयोग नव्हता. सध्या मी शराफियात एका जुन्या फर्निचरवाल्याच्या दाराशी उभा आहे. रेक्झिनला भेगा पडल्यात. इब्राहीम कधी चहाचा कागदी ग्लास घेऊन येतो, माझ्या खांद्यावर हात टाकतो आणि चहा संपेपर्यंत उभा राहतो. दुसऱ्या दिवशी त्याला बेटावरून लाफाएलेचा फोन येतो. “काल माझ्या खांद्यावर कुणाचा तरी हात होता. तू होतास का?”

म्हणून हात जोडून सांगतो, म्हणजे हात असते तर जोडले असते: शराफियात आलात आणि निळा, फाटका, उभा लोड दिसला, तर गंमत म्हणून लाथ मारू नका. दमला असाल तर पाठ टेका. अर्ध्या पृथ्वीपलीकडे एक थोराड माणूस बोलता बोलता थांबेल, मागे कुणी नाही हे बघेल, आणि तुमचं वजन पेलायला पाय रोवून उभा राहील.