जलालभाईंनी मला अर्थिंग दिलं

मी टॅब बोलतोय, वडवणीहून. चार्जिंग अठरा टक्के उरलंय आणि लाईट दुपारीच गेलीय, तेव्हा मधे बोलू नका. ज्या घरात मी राहतो तिथं दखनी बोलतात, पण आफ्रीननं पहिल्याच दिवशी माझी भाषा मराठी करून ठेवली. म्हणून तुम्हाला सगळं मराठीत सांगतोय. भांडणंसुद्धा.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, आईबाप कोण, हे मला विचारू नका. डोळे उघडले तेव्हा मी बीडच्या एका कोचिंग क्लासच्या टेबलावर होतो आणि शेजारच्या खोक्यात माझे चाळीस भाऊ झोपले होते. प्रवेशाबरोबर पोरांना एकेक टॅब वाटत होते. मी आफ्रीनच्या वाट्याला आलो. पोरगी भली. दोन वर्षं तिनं माझ्यावर अभ्यास केला आणि तिच्याबरोबर माझाही झाला. माणसाच्या अंगातली दोनशे सहा हाडं मला पाठ आहेत. विचारून बघा.

मग आफ्रीनला बीडलाच नर्सिंगला प्रवेश मिळाला. ती नवा फोन घेऊन हॉस्टेलला गेली आणि मी घरी राहिलो. तिच्या आईनं, म्हणजे सुरैयाचाचीनं, मला आधी दुधाच्या पातेल्यावर झाकण म्हणून ठेवलं, कारण मांजर. पुढं पिठाचा डबा डुगडुगतो म्हणून त्याच्याखाली सारलं. दोनशे सहा हाडं पाठ असलेला मी पिठाच्या डब्याखाली! कुणावर अशी वेळ येऊ नये.

तिथून मला बाहेर काढलं ते जलालभाईंनी.

जलालुद्दीन हे आफ्रीनचे अब्बा. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. आसपासच्या विहिरींवरच्या मोटारी जळल्या की टेम्पोत, मोटारसायकलवर, कुणी तर मांडीवर घेऊन इथं आणतात. तांब्याची तार भरणारे गल्लोगल्ली सापडतील, पण जलालभाईंचा कान वेगळा. मोटार चालू करायची, लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरचं, टोक तिच्या अंगाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग एक मिनिटात निकाल. "बुश गेलाय." "रोटर घासतोय." उघडून बघावं तर तेच निघायचं.

शेतातून फोन यायचे तेही ऐकण्यासारखे. मोठे बाप्ये फोनवर मोटारीची नक्कल करायचे. "चाचा, मोटार अशी करायलीय बगा, घर्रर्र... खट्... घर्रर्र..." आणि जलालभाई गंभीरपणे म्हणायचे, "खट् एकदा का दोनदा? नीट करा."

पण मी दुकानात आलो त्याच्या आठवडाभर आधी एक गोष्ट घडली होती. विठ्ठलराव म्हणून एक बागायतदार आहेत. त्यांच्या मोटारीला पेचकस लावून जलालभाईंनी सांगितलं, बेरिंग झकास आहे, न्या. तिसऱ्या दिवशी मोटार विहिरीवर जाम झाली. बेरिंगच गेलं होतं. विठ्ठलराव दुकानात आले आणि चार माणसांत म्हणाले, "जलालभाई, कान गहाण ठेवले का काय?" माणसं हसली. जलालभाईही हसले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. आता समजून घ्या, या माणसाचा कान म्हणजेच दुकान. कान गेला तर उरतो तो नुसता तार गुंडाळणारा, आणि तसे वडवणीत पाच आहेत.

तर मी दुकानात आलो तो कागद उडू नयेत म्हणून वजनाला. एका दुपारी लाईट नव्हती, गिऱ्हाईक नव्हतं. जलालभाईंनी सहज मला चालू केलं. एका चौकोनात त्यांना रंगीत वायरींचं चित्र दिसलं.

"या अल्ला, ह्ये तर वायंडिंगचं ॲप हाय!"

नव्हतं हो! ते आवाज बनवायचं ॲप होतं. सिंथेसायझर म्हणतात त्याला. एक पेटी आवाज काढते, दुसरी तो जाड-बारीक करते, तिसरी थरथरवते, आणि कुठल्या पेटीची वायर कुठल्या पेटीत खुपसायची ते आपण ठरवायचं. आफ्रीननं तरंगांचा धडा शिकताना ते उतरवून घेतलं होतं. एकदा किंचाळलं, तेव्हा घाबरून बंद केलं. दुसरा कुणी असता तर गाणं वाजवत बसला असता. जलालभाईंनी चष्मा पुसला आणि पडद्यावर लोंबणाऱ्या वायरी बघून त्यांचं पित्त खवळलं.

"उगड्या वायरी कावून सोडल्यात बे? कुनी मरंल ना!"

आधी त्यांनी पायात रबरी चपला घातल्या. मग एकेका वायरीला भोक शोधून दिलं. एक वायर मोकळी ठेवली नाही. शेवटी अर्थिंग शोधू लागले. अर्धा तास शोधलं. सगळ्या पेट्या वर-खाली केल्या, अर्थिंग काही सापडेना. मी मनातल्या मनात म्हणत होतो, चाचा, मला अर्थिंग नसतं. पण ऐकतं कोण! त्यांनी हिरवी वायर घेतली, माझ्या कमरेला दोन वेढे मारले आणि दुसरं टोक खिडकीच्या गजाला बांधलं. देशात अर्थिंग दिलेला टॅब मीच एक असेन. "बिनबॉडीची मोटार असती का?" असं म्हणून मला दहा एचपीच्या रिकाम्या लोखंडी बॉडीत उभं केलं आणि बटण दाबलं.

घूंऽऽऽऽ!

मीच दचकलो. लोखंडात तो आवाज असा घुमला की समोरचा बंकट गिरणीतून ओरडला, "लाईट आली रे!" आणि त्यानं कुणाची तरी पायलीभर ज्वारी गिरणीत ओतून बटणावर बटण दाबायला सुरुवात केली. गिरणी ढिम्म. बंकट पिठानं पांढऱ्या भुवया उचलून दुकानात आला. बघतो तर काय, जलालभाई डोळे मिटून बसलेले, पेचकसाचं टोक माझ्या काचेवर आणि मूठ त्यांच्या कानाला.

"चाचा, बरं हाय ना सगळं?"

"चूप बे. फेज गेलीय हिची."

त्या दिवसापासून आमची जोडी जमली. जलालभाईंनी माझ्यावर सगळे रोग बनवले. गोल बटणं फिरवून फिरवून हुबेहूब. आणि प्रत्येकाला रोग्याचंच नाव दिलं: 'बंकट गिरणी बुश', 'शाळेची टाकी', 'कडूबाई पंप हलतो'. शेतातून फोन आला की नक्कल करायची पाळी आता माझी. "असा आवाज येतो का असा? पैला का दुसरा?" पलीकडून उत्तर यायचं, "चाचा, दुसरा, पर जरा रडका करा." मी रडका व्हायचो. पिठाच्या डब्यापेक्षा हे कितीतरी बरं. माझी कॉलर ताठ झाली होती, म्हणजे असती तर झाली असती.

आणि मग ते विठ्ठलरावांच्या बेरिंगवर आले.

बेरिंग बिघडायला लागलं की आधी अगदी बारीक शिट्टी देतं. तीच ओळखायची असते. घरघर सुरू झाली म्हणजे वेळ गेलेली. जलालभाई ती शिट्टी बनवायला बसले. बटण उजवीकडं फिरवत गेले. आवाज बारीक झाला, आणखी बारीक झाला, आणि जलालभाई थांबले.

"बंद पडलं." मला दोन थापडा मारल्या. "फ्यूज उडाला वाटतं."

मी बंद पडलो नव्हतो! गळा फाडून शिट्टी मारत होतो मी. रस्त्यावरचं कुत्रं विव्हळायला लागलं. बंकट कानांत बोटं घालून गिरणीबाहेर आला. जलालभाई आपले बटण फिरवतायत, फिरवतायत. मागच्या दारातून सुरैयाचाची लाटणं घेऊनच आल्या, दोन्ही हात कानांवर.

"अजी, बंद करा ती शिट्टी! डोकं फुटायलंय!"

जलालभाईंनी चाचीच्या कानांवरचे हात पाहिले. रस्त्यावरचं कुत्रं पाहिलं. बंकटकडं पाहिलं. मग हळूच बटण डावीकडं आणलं.

"तुमाला ऐकू येत न्हाई ह्ये?" चाचीनं लाटणं खाली केलं.

"मशीनच बिगडलंय," ते म्हणाले.

मी आयुष्यात इतका अपमान कधी गिळला नव्हता. पण त्यांचा चेहरा बघून गिळला. पेचकस त्यांनी खणात टाकला आणि खण लावून घेतला. दुसऱ्या दिवशी जो येईल त्याला सांगू लागले, "कान लावायचं सोडलं आपुन. जळली आसंल तर ठेवा, तार भरून देतो." लोक मोटारी उचलून परत न्यायला लागले. मला फार वाईट वाटलं, हे सरळच सांगतो. फोन आला तरी ते घेईनात.

पण दुपारी ते आडवे झाले की चाची मला स्वयंपाकघरात न्यायच्या. मला वाटलं, आलं पिठाच्या डब्याचं बोलावणं. तसं नव्हतं. त्या भाकरी थापता थापता कोपरानं माझ्यावरचे आवाज वाजवायच्या. 'बंकट गिरणी बुश.' थाप. 'शाळेची टाकी.' थाप. नाव न बघता ओळखायच्या आणि मग बघून पडताळायच्या. पहिल्याच दिवशी सगळे बरोबर! मी थक्क झालो. एक भाकरी करपली तेवढीच.

चौथ्या दिवशी विठ्ठलराव आले. टेम्पोत दुसरी मोटार. "जलालभाई, ऐकून सांगा. न्हाईतर सरळ बीडला नेतो, आन् पुन्हा हिकडं येत न्हाई."

जलालभाई मोटारीकडं बघत उभे राहिले. खणाकडं हात जाईना. बंकट येऊन उभा राहिला, अजून दोघं थांबले. तेवढ्यात चाची बाहेर आल्या, पीठ लागलेल्या हातांनीच खण उघडला, मोटार चालू केली, पेचकस टेकवला, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले.

"भाभी, ह्ये काय बायकांचं काम हाय का?" विठ्ठलराव हसले.

"जरा गप बसा. मोटार तुमच्यापेक्षा हळू बोलायलीय." मग डोळे उघडून म्हणाल्या, "बेरिंग. पंख्याच्या बाजूचं. आठ-धा दिवस निघतील, मग जाम होईल."

"आन् तुमाला कसं कळलं?"

"तीस वर्सं ह्या भितीच्या पल्याड भाकरी करायलेय मी. बहिरी हाय का?"

बोलून गेल्या आणि जीभ चावली. जलालभाईंनी मोटार उघडली, बेरिंग काढलं, कापडानं पुसून विठ्ठलरावांच्या तळहातावर ठेवलं. आतल्या एका गोळीला देवीचे व्रण पडावेत तसे खड्डे पडले होते. विठ्ठलरावांनी ते उजेडात धरलं, बोटानं फिरवलं आणि चार माणसांत म्हणाले, "भाभी, तिसरी मोटार पन आणतो उद्या."

सगळे गेल्यावर जलालभाईंनी आतून चाचीसाठी स्टूल आणलं आणि स्वतःच्या स्टुलाशेजारी ठेवलं. बराच वेळ फडक्यानं पुसत राहिले. स्टूल स्वच्छच होतं.

"एक विचारू का?" ते म्हणाले. "तू काचेच्या बांगड्या कावून सोडल्यास? आफ्रीन गेली तवापासून प्लास्टिकच्या घालायलीस."

चाचीनं हात वर केला. काचेच्या हिरव्या बांगड्या. तीस वर्षं काचेच्याच होत्या. त्यांनी हात हलवला. मला ऐकू आल्या, बंकटला गिरणीत ऐकू आल्या असतील. जलालभाईंना आल्या नाहीत.

कुणी रडलं की नाही ते मी सांगणार नाही, घरातली गोष्ट आहे. पण जलालभाईंनी मला पुढं ओढलं. माझ्या एका पेटीला बाहेरचा आवाज घेता येतो, हे त्यांनी आधीच शोधलं होतं. त्या पेटीची वायर जाड करायच्या पेटीत घातली, बटण पार डावीकडं आणलं आणि म्हणाले, "हलव."

चाचीनं हात हलवला. माझ्यातून आवाज निघाला: डोंग... डोंग... ढांग...

"ऐकू आल्या!" जलालभाई ओरडले. "सुरैया, लई ग्वाड! बाजारात म्हैस आल्यावानी!"

चाचीनं फेकलेलं लाटणं त्यांना लागलं नाही, मला लागलं. डाव्या कोपऱ्याला ही जी चीर दिसतेय ना, ती तीच.

आता माझी खबर. दुकानात दोन स्टुलं आहेत. चाची ऐकतात, जलालभाई दुरुस्त करतात. लोक येऊन विचारतात, "चाची हायती का?" आणि जलालभाईंना त्याचा राग येत नाही, उलट मिशीतल्या मिशीत हसतात. परवा आफ्रीनला फोनवर कळलं तेव्हा ती दोघांनाही खूप रागावली. सोमवारी ती त्यांना बीडला कानाच्या डॉक्टरकडं नेणार आहे. कानात घालायचं मशीन मिळेल म्हणे. मिळो बापडं. पण मग माझं काय, या विचारानं माझी बॅटरी भराभर उतरत होती. शेवटी काल चाचीनंच पिठाच्या डब्याखाली एक वीट सारली आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "ही आता हितंच राहील." त्या विटेला माझा सलाम आहे.

चार टक्के. एकच मागणं आहे, जलालभाईंना कुणीतरी सांगा. कमरेची ती हिरवी वायर सोडली नाही तरी चालेल, सवय झालीय. पण रोज दुपारी चाची माझ्यासमोर हात हलवतात, तेव्हा पेचकस माझ्या काचेवर जरा हळू टेकवा. चरे पडलेत म्हणून तक्रार नाही. पण घाईघाईत जोरात टेकवला की बटण उजवीकडं सरकतं, आणि त्यांच्या बांगड्या पुन्हा त्यांना ऐकू येत नाहीत.