वरचे तेरा दिवस

"हात काढा पोत्यावरचा!" झाम्फिरा ओरडली आणि सरळ गव्हाच्या पोत्यावर जाऊन बसली.

तनासे समोर हंडा घेऊन उभा. "ऊठ म्हनतो नव्हं! बियाणं आता कुनासाठी राखायचं? थंडीच्या तोंडावर, संत दुमित्रूच्या सणाला प्रभू येतोय. शिजवू, मध घालू, गेलेल्यांच्या नावानं वाटून टाकू."

"आन न्हाई आला म्हंजे? थंडीत काय माती खायाची?"

तनासेचा आवाज एकदम खाली आला. "न्हाई आला, असं म्हनू नगंस. आपली इलिंका हाय तिकडं."

झाम्फिरा पोत्यावरनं उठली. अर्धं पोतं तिनं ओतून दिलं, अर्धं धरून ठेवलं.

त्यांची लेक इलिंका नऊ वर्षांची. ईस्टरच्या आधीच्या उपासात घटसर्पानं गेली. तेव्हापासून तनासेचं शेतात लक्ष उडालं होतं. त्यातच उन्हाळ्यात आवेर्किये नावाचा एक अनवाणी साधू गावात आला. सरकारनं कॅलेंडर बदललं, संतांचे सण तेरा दिवस अलीकडं ओढले, हीच जगाच्या शेवटाची खूण, असं तो टेकडीवर उभा राहून सांगायचा. तुतारी वाजेल, थडगी उघडतील, मेलेले उठतील. सगळ्या गावानं पेरणी सोडली. तनासे तर रोज कुदळ घेऊन दफनभूमीत जायचा आणि पोरीच्या अंगावरची माती भुसभुशीत करून यायचा. "घट्ट मातीतनं तिला कसं उठता येनार?" म्हणायचा.

तो प्रार्थनेला गेला की झाम्फिरा बैल जुंपायची. काळी माती, वर धुकं, आणि अख्ख्या शिवारात नांगरामागं एकटी बाई.

शेजारची नास्तासिया कुंपणावर रेलून म्हणाली, "अगं, देवाशी पैज लावतीस व्हय?"

"पैज कसली? येतोय तर येऊं दे की. पेरलेलं रान बघून त्येला काय राग येनाराय?"

"मानसं हसत्यात तुला."

"हसूं देत. दात हायत तवर हसून घ्या म्हनावं."

सणाचा दिवस उजाडला. पांढरे सदरे घालून माणसं टेकडी चढू लागली. तनासे दारात थांबला. "चल."

"बैलांना पानी कोन दावंल? तुमी जावा."

तो गेला. गावात चिटपाखरू उरलं नाही. शेताचा थोडा पट्टा राहिला होता, म्हणून झाम्फिरा बी घेऊन निघाली. पण पाय वळले ते दफनभूमीकडं.

माती इतकी मऊ झाली होती की हात मनगटापर्यंत आत गेला. आवेर्कियेच्या बोलण्यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. तरी शालीआड तिनं लोकरीचे मोजे आणले होते. साथीच्या घाईत पोर अनवाणीच पुरली गेली होती. आज एवढ्या गारठ्यात ती उठली तर?

सकाळपासून बाई तिथंच बसून राहिली. वाळक्या मक्यातनं वारा वाजला की दचकायची. दुपारी कडेची माती हलली. खरंच हलली. झाम्फिरा गुडघ्यांवर पुढं सरकली. "इलिंका?" तिच्या तोंडून निघून गेलं.

ढेकूळ बाजूला सारून शेतातला उंदीर बाहेर आला आणि गवतात पळाला.

दिवस मावळताना पांढरे सदरे खाली येऊ लागले, चिखलानं माखलेले. तनासे घरी न जाता थेट इकडंच आला. बायकोला बघितलं, मग तिच्या मांडीवरचे मोजे बघितले. तो तिच्याशेजारी मातीत बसला.

"काय म्हनाला तुमचा साधू?"

"म्हनतो, तुमी सरकारी क्यालिंडरनं आलात. सरगात आजून जुनंच चालतंय. वरचे तेरा दिस बाकी हायत. निम्मे लोक थांबलेत टेकडीवर."

"मग तुमी का आलासा?"

तनासेनं हात डोळ्यांवरनं फिरवला. "तेरा दिसांत जमीन गोठंल, झाम्फिरा." मग जरा थांबून, "पट्टा किती ऱ्हायलाय?"

"दोन दिसांचा."

"बी हाय?"

"हाय की. तुमच्यापासनं दडवलंय."

तो हसायला गेला आणि ढसाढसा रडला. झाम्फिरानं त्याला धरून उठवलं.

दोन दिवसांत दोघांनी पट्टा पेरून टाकला. आठवड्यानं पहिलं दहिवर पडलं, रान पांढरं झालं. टेकडीवरनं गाण्याचा आवाज येत राहिला, रोज थोडा थोडा बारीक होत.

तेरावा दिवस उजाडला. त्या दिवसाचं नाव दोघांपैकी कुणीच काढलं नाही. टेकडीवर दोघंही गेले नाहीत, दफनभूमीतही नाहीत. पण तनासेनं गोठ्यातनं बैल सोडले नाहीत आणि झाम्फिरानं दाराला कडी घातली नाही. दार दिवसभर उघडं. गार वारा घरात शिरत होता, चुलीत जाळ धरत नव्हता, मक्याची उकड ताटात थिजून गेली. दोघं शेजारी शेजारी बसून अंगणाकडं बघत होते.

अंधार पडू लागला तसा तनासे उठला. "उद्या लाकडं फोडाया पायजेत," म्हणाला.

आणि त्यानं दार लावलं. अगदी हळू. बाहेर कुणी उभं असेल तर लागू नये, इतकं हळू.