अर्ध्या चित्राचा आरसा

मी एक जुना आरसा आहे. जुना म्हणजे कडेने पारा उडालेला, खाली काळे डाग पडलेला. आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी भयंकर चिडलेलो आहे. माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

काचेच्या कारखान्यात माझा जन्म झाला. माझी उमेदीची वर्षं एका न्हाव्याच्या दुकानात गेली. ते दुकान बंद पडल्यावर मला वर्तमानपत्रात चित्रं काढणाऱ्या शाईमामांनी त्यांच्या कचेरीत नेलं. त्यांच्या बोटांवरची शाई कधी जायचीच नाही, म्हणून हे नाव. चित्र पुरं झालं की मामा ते माझ्यासमोर धरत. डाव्याचं उजवं झालं की नाक कुठे वाकडं गेलंय ते झटकन दिसतं. "आमचे मास्तर!" असं म्हणून ते मला सदऱ्याच्या बाहीने पुसत. मला फार बरं वाटे.

आमच्या कचेरीसमोर ओढ्यावर लाकडी पूल होता. त्याच्या फळ्या कुजल्या होत्या. डावे पुढारी म्हणत, "पूल सरकारनेच बांधला पाहिजे." उजवे पुढारी म्हणत, "छे! तो कंत्राटदारालाच दिला पाहिजे." सभांवर सभा झाल्या, घसे बसले, फळी मात्र एकही बसली नाही. मग एके दिवशी शाईमामांची बायको, म्हणजे आमच्या मामी, पिशवी घेऊन येत असताना पायाखालची फळी मोडली. त्यांचा गुडघा कायमचा गेला.

दुसऱ्या दिवशी मामा दातओठ खात टेबलाशी बसले. त्यांनी अर्धंच चित्र काढलं. डावीकडे पुलाच्या टोकावर एक पुढारी, ढेरी पुढे, बोट वर, तोंड उघडं. मधोमध मोडक्या फळीला लोंबकळणारी बाई, तीही अर्धीच. उजवी बाजू कोरी. मधल्या रेघेखाली लिहिलं, 'इथे आरसा उभा धरा.' मला तिथे उभं केलं आणि काय सांगू! माझ्यात उजवे पुढारी आपोआप उगवले. तीच ढेरी, तेच बोट, तोच आवेश.

संपादकसाहेब पोट धरधरून हसले. चित्र छापून आलं आणि घरोघरी भिंतीवरचे आरसे खाली उतरले. लोक हसून हसून बेजार झाले.

पुढारी मात्र खवळले. "मी आणि त्याच्यासारखा?" दोघंही हेच ओरडत होते. जन्मात पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं! दोघांचा मिळून मोर्चा निघाला, तो नेमका त्याच पुलावरून. मी खिडकीतून बघत होतो.

"हात द्या साहेब, फळी कच्ची आहे," डावे म्हणाले.

"तुम्हीही जपून हं, दादा," उजवे म्हणाले.

असे हातात हात घालून, चाचपडत, हे दोन शूर वीर अलीकडे आले आणि आमच्या दारात बोंबलू लागले. पुलाबद्दल? नाव काढू नका! चित्राबद्दल.

संपादकसाहेबांचं हसू कुठल्या कुठे पळालं. "मामा, आजपासून तुमचं चित्र बंद. समजून घ्या जरा." दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या पानावर दोघांची जाहीर माफी मागितलेली, वर दोघांचे फोटो शेजारी शेजारी.

मामा मला घरी घेऊन गेले. मामी काठी टेकत आल्या, त्यांनी पेपर वाचला.

"अहो, या दोघांची माफी मागितली," त्या म्हणाल्या, "आणि माझी कोण मागणार?"

मला तोंडच नाही. माझा नुसता संताप होतो, मित्रांनो!

आता शेवटी मी विनवणी करायची, की मला जपा, मला पुसा. काही नको! मी फुटलो तर बाजारात दुसरा आरसा मिळेल. मामींचा गुडघा कुठल्या बाजारात मिळतो? आणि रोज सकाळी दप्तर घेऊन त्या पुलावरून कोण जातं? तुम्हीच ना? मग आज घरी जा आणि मोठ्यांना विचारा, डावे असोत नाहीतर उजवे. "आमच्यापैकी कोण पडल्यावर पूल बांधणार?"