मशीन चालू असू दे

लाँच जहाजाला टेकली आणि मशीनबाईंनी मान वर केली. अगं बाई! जहाज कसलं, लोखंडाची भिंतच ती! भिंतीवरून एक तिरकी शिडी सोडलेली, आणि लाँच लाटेवर वर-खाली होई तशी तिची शेवटची पायरी कधी गुडघ्याशी यायची, तर कधी पार छातीशी.

"लाँच वर आली की पाय टाका, खाली जाताना नको," लाँचवाल्यानं बजावलं.

वर कठड्याशी त्यांचा नवरा उभा होता. जहाजाचा चीफ इंजिनिअर. तो ओरडला, "खाली बघू नकोस!" आता असं सांगितल्यावर कोण बघणार नाही? बाईंनी बघितलंच. मग मन घट्ट करून त्यांनी पाय टाकला आणि दोर धरून तरातरा वर चढल्या. वर पोचल्यावर नवऱ्यानं हात दिला तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

मशीनबाई हे गल्लीनं ठेवलेलं नाव. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं शिवणाचं दुकान. सकाळपासून मोटारीचं मशीन खडखडत असायचं, कोपऱ्यावरच्या दुकानदारालाही ऐकू जायचं. ते थांबायचं फक्त नवरा सुट्टीवर आला की. वर्षाकाठी दोन-तीन महिने बिचारा घरी येणार, तेव्हा तरी त्याला निवांतपणा नको? बाई मशीनवर चादर टाकायच्या. गिऱ्हाइकांना सांगायच्या, "नंतर या, आमचे हे आलेत." मुलं लहान होती तेव्हा त्यांना दटावायच्या, पुढे भिंतीवरचं टिकटिकणारं घड्याळसुद्धा काढून ठेवायला लागल्या.

आणि एवढं करून हा माणूस झोपायचाच नाही! दुपारी जेवून आडवा व्हायचा, जरा डोळा लागला की दचकून उठायचा. मग घरभर येरझाऱ्या. नळ तपास, दाराच्या बिजागरीला तेल घाल, नाहीतर खिडकीशी उभं राहा. सुट्टी संपत आली की चेहरा मात्र खुलायचा, निदान बाईंना तसं वाटायचं. इतकी वर्षं हे बघून त्यांनी मनाशी एक गोष्ट पक्की केली होती: या माणसाचं माझ्यापाशी मन रमत नाही. फार दुखायचं ते. पण बोलून काय उपयोग, म्हणून त्या गप्प बसायच्या.

आता त्याचं निवृत्तीचं वय झालं होतं. हवं तर कंपनी आणखी काही वर्षं ठेवून घ्यायला तयार होती. काय ते पुढच्या बंदरात कळवायचं होतं. तेवढ्याच प्रवासापुरती बायकोला सोबत न्यायची परवानगी मिळाली, आणि बाई आयुष्यात पहिल्यांदा जहाजावर आल्या. मनात ठरवूनच आल्या होत्या. माणूस इथे सुखात दिसला, तर आपणच सांगायचं, 'राहा इथेच. माझी काळजी करू नका.'

आणि माणूस सुखातच दिसला हो! घरी घुम्यासारखा बसणारा नवरा इथे जेवणाच्या टेबलावर चक्क विनोद करत होता. जहाजाचा आचारी त्याची फिरकी घेत होता, सेकंड इंजिनिअर त्याच्या नकला करून दाखवत होता, आणि हा खो खो हसत होता. बाईंनी हसण्यात हसणं मिसळलं, पण घास काही उतरेना.

खोली छोटीशीच होती. पलंगाला कडेनं लाकडी पट्टी, जहाज डोललं तरी माणूस पडू नये म्हणून. टेबलाचे पाय जमिनीला जखडलेले. आणि आवाज! पायाखाली इंजिनाची धडधड, छतातून हवेचा घुर्र आवाज, कपाटात हँगरची किणकिण. पहिल्या दुपारी बाईंचं डोकं नुसतं भणभणलं. शेजारी नवरा मात्र डाराडूर. उशीला डोकं टेकायचा अवकाश, घोरायला सुरुवात!

'बघितलंस?' बाईंनी स्वतःलाच विचारलं. 'इथे कशी झोप लागते.' डोळे भरून आले, ते त्यांनी उशीला पुसले. बंदर यायच्या आधी बोलून टाकायचं, असं त्यांनी ठरवलं.

बंदराच्या आदल्या दुपारी जेवणं झाली. नवरा घोरत होता. बाई मनातल्या मनात वाक्यं जुळवत होत्या. तेवढ्यात दिवा गेला, छतातली हवा थांबली आणि पायाखालची धडधड विरत विरत नाहीशी झाली. बाईंना काय झालं ते कळायच्या आत नवरा उठून बसला होता, पाय बुटात होते.

"अहो, काय झालं?"

"जनरेटर गेला!" म्हणत तो दाराबाहेर पडला.

बाईंनी दारातून डोकावलं. बोळात एकामागून एक दारं उघडत होती. सेकंड एका बाहीत हात घालत धावत होता, आणखी एक इंजिनिअर अर्ध्या दाढीला साबण लावलेला. धोक्याची घंटा वाजली ती त्यानंतर. म्हणजे या सगळ्यांना उठवलं कुणी?

बऱ्याच वेळानं धडधड परत सुरू झाली. नवरा तेलकट हात पुसत आला.

"तुम्हाला जाग कशानं आली?" बाईंनी विचारलं.

"कशानं म्हणजे? आवाज बंद झाला ना! इंजिनवाल्यांना आवाजात झोप लागते. शांत झालं की समजायचं, काहीतरी बिघडलं."

बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. चादर टाकलेलं मशीन त्यांच्या डोळ्यांपुढे आलं.

"आणि घरी?"

तो हात पुसत राहिला. हात कधीच स्वच्छ झाले होते.

"अहो, घरी मी सगळं बंद करत होते. तुमच्यासाठी! एका शब्दानं सांगता नाही आलं?"

"काय सांगू? तू एवढ्या हौशीनं करायचीस." तो पलंगाच्या कडेवर बसला. "आणि खरं सांगू का? मला वाटायचं, मी आलो की तुमचं घर थांबतं आणि गेलो की चालू होतं. तुझं काम, तुझी गिऱ्हाइकं... मी म्हणजे अडचण. म्हणून सुट्टी संपायला आली की मीच तुला हसून दाखवायचो. म्हटलं, हिला वाईट वाटू नये."

"कप्पाळ माझं!" बाई म्हणाल्या आणि एकदम रडायलाच लागल्या. हसतही होत्या. ठरवलेलं एकही वाक्य त्यांना आठवेना. शेवटी एवढंच म्हणाल्या, "चला घरी. कायमचे."

दुसऱ्या दिवशी बंदरात त्यानं कंपनीला नकार कळवला. निरोप द्यायला सगळे शिडीपाशी जमले. आचाऱ्याचे डोळे लाल झाले होते, तर कांदा चिरत होतो म्हणाला.

आता गल्लीत दुपारी मशीनबाईंचं मशीन खडखडत असतं. दुकानाच्या मागच्या खोलीचं दार सताड उघडं असतं आणि आतून घोरण्याचा आवाज येतो. गिऱ्हाइकं दबकून बोलायला लागली तर बाईच डाफरतात, "मोठ्यानं बोला की! माणूस झोपलाय आत."

परवा एका लांब शिवणीच्या मध्येच दोरा तुटला. मशीन थांबलं. आतलं घोरणंही थांबलं आणि पलंग करकरला.

"काय गं, काय झालं?"

"काही नाही हो, दोरा तुटलाय. पडा तुम्ही," असं म्हणत बाईंनी घाईघाईनं सुई ओवली.