खात्याची देखरेख

सभागृहात खुर्च्या मांडून झाल्या होत्या, पाण्याचे पेले पालथे घालून झाले होते, परवाना अधिकाऱ्यांनी बोटांचे ठसे घ्यायचं यंत्र पुसून पुसून लखलखीत केलं होतं, आणि माणूस म्हणाल तर औषधालाही नव्हता. खासदारबाई दारापाशी जात, रस्त्याच्या दोन्ही टोकांना नजर टाकत, परत येत आणि मघाशी सरळ केलेली खुर्चीच पुन्हा सरळ करत.

“अगं, बस की घटकाभर,” वहिनी म्हणाली. “तुझ्याकडे बघून मलाच गरगरायला लागलंय.”

वहिनी म्हणजे बाईंच्या थोरल्या भावाची बायको. बाई पहिल्यांदा निवडून आल्या तेव्हापासून कार्यालय तिच्याच हातात होतं. सगळे ज्यांना वचकून असत त्यांना ‘अगं-तुगं’ करायचा हक्क तिला नात्याने मिळाला होता, आणि तो ती रोज वापरून ताजा ठेवत असे.

“कशी बसू? संध्याकाळी साहेब यंत्र उचलून निघून जातील.”

महिनाअखेरीला नियम बदलणार होता. त्यानंतर ज्याचा राहण्याचा परवाना नवा झालेला नसेल, त्याने आपल्या देशी परत जायचं आणि तिथून अर्ज करायचा. कापड गिरणीमागच्या गल्लीत अशी माणसं घरोघर होती. राजधानीत त्यांचा नंबर महिनाअखेरीच्या आत लागणं अशक्य, म्हणून बाईंनी मंत्र्यांचे उंबरे झिजवून एका दिवसापुरता अधिकारी आणि यंत्र इथे आणवलं होतं. दुसरा दिवस मिळणार नाही, हे मंत्र्यांनी हसत हसतच पण स्वच्छ सांगितलं होतं.

“लोकांना कळवलं होतं ना?” अधिकाऱ्यांनी जांभई आवरत विचारलं.

“आमच्या मासिक पत्रात छापलंय. घरोघर पोचलंय,” बाई म्हणाल्या.

“मग गरज नसेल त्यांना.”

हे मात्र बाईंना झोंबलं. त्यांनी चपला सरकवल्या आणि वहिनी “अगं, ऊन” म्हणेपर्यंत त्या रस्त्याला लागल्या होत्या.

गल्लीत एरवी दारादारात कोणी ना कोणी उभं असायचं. आज दारं लोटलेली. उघडं होतं ते फक्त धुलाईचं दुकान, तेही अर्ध्या शटरचं. दुकान आत्याचं. ती खरी आत्या एकट्या भाच्याची, पण तो दिवसभर हाका मारायचा आणि त्याच्यामुळे ती गल्लीभर आत्या झाली होती. बाई वाकून आत शिरल्या. वाफेने चेहरा ओला झाला.

“आत्या, बघ कोण आलंय,” इस्त्री न थांबवता भाचा म्हणाला. “न्यायला जातीने आल्यात.”

“कुणाला न्यायला?” बाई गोंधळल्या.

आत्या चादरीची घडी घालत होती. प्रत्येक घडीला ती चादर अशी झटकायची की कानफटात मारल्यासारखा आवाज यायचा. “बसा म्हणत नाही बाई, खुर्चीवर कपडे आहेत. तुमच्या कार्यालयाचे पडदे धुते मी. त्या पडद्यांची तरी आठवण ठेवून आधी कानात सांगायचं होतंत.”

“काय सांगायचं? अहो, सकाळपासून तुमची वाट बघतेय मी तिथे!”

“मांजरही बघतं वाट,” भाचा म्हणाला.

“तू गप.” आत्याने खिळ्याला अडकवलेलं बाईंचं मासिक पत्र काढलं, हात लांब केला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. “‘सुरक्षा. सुरक्षा खात्याची देखरेख आता अधिक कडक होणार, याची खात्री बाळगा.’ बाळगली. पुढे, ‘स्थलांतर. बाहेरून आलेल्या सर्वांनी शनिवारी सभागृहात स्वतः हजर राहावे. मूळ कागद सोबत आणावेत.’ बरं. आणि खाली गावच्या बातम्या. ‘दुरुस्तीमुळे सभागृहाचे मागचे दार शनिवारी बंद राहील.’”

भाच्याने शीळ घातली. “उंदराच्या पिंजऱ्यावरसुद्धा एवढं व्यवस्थित लिहीत नाहीत.”

बाईंनी कागद हातात घेतला. शब्द त्यांचेच होते. वहिनीने लिहिलं होतं, ‘सुरक्षा खात्यावर आमच्या समितीची देखरेख आता अधिक कडक होणार’. बाईंना लांब वाक्यांचा तिटकारा. त्यांनी मधले शब्द छाटून टाकले होते आणि “बघ, कसं सुटसुटीत झालं” असं वर वहिनीलाच ऐकवलं होतं. आता ते सुटसुटीत वाक्य त्यांच्याकडे डोळे वटारून बघत होतं. ‘ची’ला दोन तोंडं असतात. ‘आईची काळजी’ म्हटलं, तर काळजी आई करते की आईची दुसरं कोणी करतं? घरातल्याला विचारावं लागत नाही. पण जो घरात नवा आहे, ज्याला अजून कोणी घरातला म्हटलेलं नाही, त्याने काय समजायचं?

“चूक झाली,” त्या म्हणाल्या. “खात्याची म्हणजे खात्यावरची. ते खातं हद्द ओलांडत नाही ना, हे आमची समिती बघते. मी त्या समितीत आहे. तुमच्यावर नव्हे, त्यांच्यावर देखरेख.”

“म्हणजे चोरावर मोर,” भाचा पुटपुटला.

आत्याने चादर खाली ठेवली. “असेल तसं. तुम्ही खोटं बोलत नाही, हे मला ठाऊक आहे. मग एवढं एकच सांगा. खातं आमच्या गल्लीवर नजर ठेवून आहे का?”

‘नाही’ बाईंच्या ओठांवर होतं. दोन अक्षरं, तेवढ्यावर सगळी गल्ली सभागृहात आली असती. पण समितीच्या गेल्या बैठकीत भिंतीवर याच गल्लीचा नकाशा होता. त्या बैठकीत फोन बाहेर ठेवून जावं लागतं, आणि आतलं बाहेर सांगायचं नाही अशी शपथ असते. ‘हो’ नाही आणि ‘नाही’सुद्धा नाही. हीच गल्ली का, म्हणून बाई तिथे तावातावाने भांडल्या होत्या. खात्याचे अधिकारी थंडपणे म्हणाले होते, विचार चालू आहे. ‘अधिक कडक’ हे शब्द त्यांनी त्याच रागातून वहिनीला लिहायला सांगितले होते.

‘नाही’ म्हणणं खोटं, ‘हो’ म्हणणं गुन्हा. वाफ फुसफुसत राहिली. बाईंना वाटलं, आता काहीतरी बोलायलाच हवं, आणि तसं वाटण्यातच आणखी थोडा वेळ गेला.

“मला यावर काही बोलता येत नाही,” त्या शेवटी म्हणाल्या.

आत्याने मान डोलावली. “कळलं.”

“काय कळलं?” भाच्याने विचारलं.

“इस्त्री उचल, कापड जळतंय.”

“आत्या, ऐका माझं,” बाई घाईघाईने म्हणाल्या. “परवाना ही वेगळी गोष्ट आहे. आज ठसा दिला नाहीत तर महिनाअखेरीला तुमच्यावर नजर ठेवायची कुणाला गरजच उरणार नाही. नियमच तुम्हाला उचलून बाहेर ठेवेल.”

आत्याने ओले हात पदराला पुसले. “कागद नसला तरी नजर, कागद असला तरी नजर. मग कागद असलेला बरा. पण त्या सभागृहात मी पाय ठेवणार नाही. एकच दार, आणि त्या दारात तुमचा रखवालदार.”

“मग कुठे?”

“इथे. माझ्या दुकानाला पुढे रस्ता आहे, मागे बोळ आहे.”

बाईंनी वहिनीला फोन लावला. पलीकडे अधिकाऱ्यांचा आवाज चढलेला ऐकू आला: यंत्राला सपाट टेबल लागतं, वीज लागते, हे काय भाजीचं दुकान आहे का कुठेही मांडायला!

“साहेबांना सांग,” बाई म्हणाल्या, “इस्त्रीच्या दुकानात नेमक्या याच दोन गोष्टी असतात.”

वहिनी यंत्राची पेटी कडेवर मूल घेतल्यासारखी घेऊन आली. मागून अधिकारी, तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. यंत्र मांडलं तर वाफेने काच धुरकटली. मग इस्त्र्या बंद केल्या, काच पुसली आणि आत्याने अंगठा टेकवला. यंत्राने नकार दिला. तर्जनी टेकवली, पुन्हा नकार. वर्षानुवर्षं गरम कापड हाताळून बोटांवरच्या रेषा पार गुळगुळीत झाल्या होत्या.

“मी माणूस आहे एवढं तरी कबूल करतं का ते?” आत्याने विचारलं. बाई दाराकडे गेल्या आणि परत आल्या.

“करंगळी चालेल?” वहिनी म्हणाली. “तिचा कापडाशी संबंध कमी येतो.”

अधिकाऱ्यांनी नियम काढला, वाचला, पुन्हा वाचला. “एक बोट, एवढंच म्हटलंय.”

करंगळी लागली. यंत्र हिरवं झालं.

मग भाचा बसला. मग समोरचं दार किलकिलं झालं, शेजारचं उघडलं, आणि बघता बघता दुकानाच्या पायरीवर रांग लागली. सगळे आले नाहीत. टोकाच्या घरांची दारं बाई स्वतः जाऊन ठोठावून आल्या. आतून मुलाचं रडणं थांबलं, दार काही उघडलं नाही. त्या परत परत जाऊन आल्या. संध्याकाळी अधिकाऱ्यांनी पेटी मिटली आणि ते निघून गेले.

बाई पायरीवर उभ्या राहिल्या. कामं झालेली माणसं घरोघर परतत होती, पण गल्ली सकाळसारखी राहिली नव्हती. एकीने खिडकीला चादर लावली. दुसरीने उंबऱ्यात बसलेल्या म्हाताऱ्याला आत घेतलं. एक जण फोनवर बोलत येत होता. शेजाऱ्याने त्याच्या कानात काहीतरी सांगितलं, तसा त्याने फोन बंद करून खिशात टाकला.

“तुम्ही काय सांगितलंत त्यांना?” बाईंनी आत्याला विचारलं.

“खरं तेच. मी विचारलं आणि बाई गप्प बसल्या.”

बाईंनी रस्त्याच्या कडेला जाऊन समितीच्या अध्यक्षांना फोन केला.

“मी आतलं काही फोडलेलं नाही,” त्या म्हणाल्या.

“मग फोन कशासाठी?”

“मी गप्प बसले.”

“उत्तमच की.”

“नको त्या प्रश्नावर. जरा जास्तच वेळ. इथे सगळ्यांना अर्थ कळलाय.”

मग अध्यक्ष सावकाश म्हणाले, “हे तुम्हाला समितीपुढे सांगावं लागेल. त्यानंतर तुमची जागा राहील की नाही, मी आत्ता सांगू शकत नाही. बुधवारी बैठक आहे.”

“नकाशाचं उत्तर मिळेपर्यंत तरी जागा ठेवा. आणि बुधवारपर्यंत माझ्याच्याने थांबवणार नाही. उद्या येते.”

“उद्या रविवार आहे.”

“माहीत आहे,” बाई म्हणाल्या, आणि फोन कानाला धरूनच टोकाच्या बंद दारांकडे पुन्हा चालू लागल्या.