फाटकाचा कोड

सकाळपासून फोलाशादेबाईंनी तो फोन चार वेळा बंद करून चालू केला, पदराने पुसला, हलवून पाहिला. मेल्या फोनवर एकच पाटी: ‘या फोनवर हे अॅप यापुढे चालणार नाही.’ काल रात्रीपर्यंत चालत होतं की! पण रडून सांगणार कुणाला? लागोसच्या त्या भिंतबंद वसाहतीत पाहुणा आत घ्यायचा तर कोड त्याच अॅपमधून निघायचा, आणि आज अकराला आबेओकुटाहून आबेनी येणार होती. धाकटी बहीण. तीही नऊ वर्षांनी.

रीत अशी की आईच्या मयतीला सगळ्या घराने एकाच कापडाचे कपडे घालायचे, आणि ते कापड थोरलीने निवडायचं. आबेनी आली ती भलतंच कापड नेसून. चारचौघांत नाक कापलं! तेव्हापासून बोलणं बंद. आता चुलतभावाने मधे पडून भेट जमवली, पण बाईंनी बहिणीचा नंबर काही घेतला नाही. थोरलीने आधी फोन करायचा? छे! आता भोगा.

चुलतभावाचा फोन लागेना. कॅनडातला मुलगा देजी झोपेतून उठून म्हणाला, "मम्मी, फोनच जुना झालाय. नवा पाठवतो. दोन आठवडे लागतील."

"दोन आठवडे काय तिला फाटकावर उभी ठेवू?"

बाईंनी गॅस बंद केला, घराला कुलूप घातलं आणि दुखरा गुडघा ओढत उन्हातून निघाल्या. दोन्हीकडे पुरुषभर उंच भिंत, वर काचा. चोरांसाठी म्हणे! आज त्यांना वाटलं, कोंडलंय ते आपल्यालाच.

फाटकाशी पोचेपर्यंत अकरा वाजून गेले. गजांपलीकडे आबेनी टॅक्सीत बसत होती.

"आबेनी! थांब गं!"

"कशाला? रखवालदाराला तीनदा विचारलं. म्हणाला, आतून कोड आलेला नाही. समजायचं ते समजले मी."

"अगं, फोनवरचं अॅपच चालेना माझं!"

"तेव्हा कापडाचं निमित्त, आता फोनचं. ताई, मी यायला नको होतं तर तसं कळवायचंस."

बाई रखवालदारावर खेकसल्या, "एक्पो, उघड फाटक!"

"बाईसाहेब, कोडाशिवाय त्यांना आत घेतलं तर माझी नोकरी जाईल. तुम्ही खुशाल बाहेर जा. पण परत येताना तुम्हालाही कोड लागेल. नियम मी नाही केला."

बाई गज धरून उभ्या राहिल्या. घर, पलंग, रक्तदाबाच्या गोळ्या, सगळं मागे होतं. पुढे टॅक्सीचं दार लागत होतं. त्यांनी फाटकातलं छोटं दार ढकललं आणि बाहेर पाऊल टाकलं.

आबेनी उतरली. थोरलीपुढे गुडघे टेकायची रीत, म्हणून ते रस्त्याच्या धुळीत टेकले, पण चेहरा ताठच. तेवढ्यात मागे दार खटकन लागलं.

तिने मान वर केली. "आता तू आत कशी जाणार?"

"नाही जाता येणार." बाईंचा आवाज फाटला. "तू घेशील का गं मला, तुझ्या घरात?"

आबेनी उठली, टॅक्सीत शिरली आणि पलीकडे सरकून तिने जागा केली.